तैवानची निवडणूक आणि चीनशी असलेले संबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तैवानमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की आपल्याकडच्या बातम्यांत दोनच शब्द फिरू लागतात : एक उमेदवार ‘चीनवादी’ आणि दुसरा ‘स्वातंत्र्यवादी’. हे शिक्के सोयीचे असले तरी त्यांतून फारसे काही कळत नाही. शेजारच्या प्रतिस्पर्धी सरकाराशी असलेले नाते एका मतदानाने किती बदलते, कोणत्या बाबतीत बदलते आणि कुठे मुळीच बदलत नाही, हे समजून घेण्यासाठी १९९६ पासूनच्या निवडणुका सलग पाहाव्या लागतात. पुढील उत्तरे त्या क्रमाने नाहीत. लोक ज्या क्रमाने विचारतात त्या क्रमाने आहेत.

ही दोन सरकारे मुळात एकमेकांना काय मानतात?

१९४९ साली यादवी युद्धात हरलेले कुओमिंतांग पक्षाचे सरकार तैवान बेटावर आले आणि बीजिंगमध्ये कम्युनिस्ट पक्षाने चीनच्या लोक प्रजासत्ताकाची घोषणा केली. तैपेईतल्या राज्याचे अधिकृत नाव आजही ‘चीनचे प्रजासत्ताक’ असेच आहे. त्यानंतर कित्येक वर्षे दोघांचा दावा एकच होता, तो म्हणजे संपूर्ण चीनचे कायदेशीर सरकार आपणच. १९७१ साली संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा बीजिंगकडे गेली आणि १९७९ मध्ये अमेरिकेनेही आपली मान्यता बीजिंगला दिली, तरी तैपेईतला दावा कागदावर तसाच राहिला.

त्या दाव्याचे एक चमत्कारिक रूप असे, की १९४७-४८ मध्ये चीनच्या मुख्य भूमीवरून निवडून आलेले वयोवृद्ध प्रतिनिधी १९९१ च्या अखेरपर्यंत तैपेईत आपापल्या जागा धरून होते, कारण ज्या मतदारसंघांतून ते आले तिथे पुन्हा निवडणूक घेणे शक्यच नव्हते. १९९१ मध्ये अध्यक्ष ली तेंग-हुई यांनी कम्युनिस्टांना बंडखोर ठरवणारी घटनेतली तात्पुरती कलमे रद्द केली आणि या प्रतिनिधींनाही घरी पाठवले. बीजिंगने मात्र आपला दावा सोडलेला नाही. त्याच्या लेखी तैवान हा चीनचा प्रांत आहे आणि तिथे जे निवडले जाते ते फक्त ‘तैवान प्रदेशाचे नेतृत्व’ असते.

म्हणजे निवडणूक घेणे हाच चीनच्या दृष्टीने आक्षेपाचा मुद्दा आहे का?

उघडपणे तसे म्हटले जात नाही, पण पहिल्या थेट निवडणुकीने जो बदल केला तो नंतरच्या कोणत्याही निकालाने केलेल्या बदलापेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे. जोवर तैपेईतले सरकार ‘सगळ्या चीनचे’ म्हणवून घेत होते तोवर बीजिंगशी त्याचे भांडण एका घराच्या मालकीचे होते. २३ मार्च १९९६ रोजी केवळ तैवान आणि त्याच्या ताब्यातल्या छोट्या बेटांवरच्या मतदारांनी आपला अध्यक्ष निवडला, तेव्हा हे सरकार नेमके कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मतपेटीतूनच आले. घटनेचा मजकूर आणि राष्ट्राचे नाव फारसे बदलले नाही. सत्तेचा आधार मात्र बदलला. त्या मतदानाआधीच्या पंधरवड्यात चीनने किलुंग आणि काओश्युंग या बंदरांजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे का डागली, हे या पार्श्वभूमीवर कळते.

मग नंतरच्या निकालांनी नेमके काय बदलते?

सार्वभौमत्वाचा वाद कोणत्याही निकालाने सुटलेला नाही. दोन्ही बाजूंचे अधिकारी एकमेकांशी बोलू शकतात की नाही, हे मात्र निकालाने ठरते. आणि व्यापार, विमाने, पर्यटक, टपाल, गुन्हेगारांचे हस्तांतरण, समुद्रात बुडणाऱ्या होडीचा शोध अशा सगळ्या व्यवहारांना हे बोलणेच लागते. दोन्ही सरकारे एकमेकांना मान्यता देत नसल्यामुळे ते थेट मंत्रालयांमार्फत होत नाही. त्यासाठी १९९०-९१ च्या सुमारास दोन्हीकडे एकेक अर्धसरकारी संस्था काढण्यात आली आणि एप्रिल १९९३ मध्ये सिंगापूरला त्यांच्या प्रमुखांची पहिली भेट झाली. या दोन संस्थांच्या बैठका होत आहेत की बंद आहेत, यावरून संबंधांची अवस्था ओळखता येते.

‘१९९२ ची सहमती’ हा शब्दप्रयोग सतत येतो. तो काय आहे?

१९९२ मध्ये हाँगकाँगला या दोन संस्थांच्या प्रतिनिधींत वाटाघाटी झाल्या. कागदपत्रांचे साक्षांकन आणि नोंदणीकृत टपाल असे रूक्ष विषय चर्चेला होते, पण ‘एक चीन’ या शब्दांवर गाडी अडली. बैठकीनंतर जी पत्रापत्री झाली तिच्यातून कुओमिंतांगने पुढे असा अर्थ काढला, की चीन एकच आहे हे दोघांना मान्य असून त्याचा अर्थ दोघांनी आपापला घ्यायचा. बीजिंगला या वाक्याचा पहिला भाग प्रिय आहे आणि दुसऱ्याबद्दल ते सहसा मौन पाळते. कुओमिंतांगचा प्रमुख प्रतिस्पर्धी असलेल्या डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाचे, म्हणजे डीपीपीचे, म्हणणे असे, की तशी सहमती झालीच नव्हती. त्या पक्षाला हाताशी धरायला एक पुरावाही आहे : हा शब्दप्रयोग १९९२ चा नसून २०००  मध्ये कुओमिंतांगचे सू ची यांनी तयार केला, आणि तसे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले.

घडले किंवा न घडले, या शब्दांना आज प्रवेशपत्राचे मोल आले आहे. ते उच्चारणाऱ्या सरकारशी बीजिंग बोलते आणि न उच्चारणाऱ्याशी बोलत नाही. ज्या तहाचा कागदच नाही त्यावर पंचवीस वर्षे दोन सरकारांचे संबंध लोंबकळत राहावेत, हे विचित्र खरे. पण संदिग्ध शब्दाचा उपयोगच असा असतो, की दोघांनाही आपापल्या घरी जाऊन वेगवेगळे सांगता येते.

निकालानंतर संबंध झपाट्याने सुधारले, असे उदाहरण आहे का?

२००८ चे उदाहरण ठळक आहे. त्याआधीची आठ वर्षे डीपीपीचे चेन शुई-बियान अध्यक्ष होते. आपल्या पहिल्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य घोषित न करण्याचे आणि देशाचे नाव न बदलण्याचे वचन दिले होते, परंतु २००२ मध्ये त्यांनी ‘सामुद्रधुनीच्या प्रत्येक काठावर एकेक देश’ अशी भाषा वापरली आणि मार्च २००५ मध्ये बीजिंगने फुटीरताविरोधी कायदा संमत करून बळाचा वापर करण्याची तरतूद कायद्यात लिहून ठेवली.

२२ मार्च २००८ रोजी कुओमिंतांगचे मा यिंग-जिऊ ५८ टक्क्यांहून अधिक मते घेऊन निवडून आले. त्यांनी २० मे रोजी शपथ घेतली, १३ जूनला दोन संस्थांच्या प्रमुखांनी बीजिंगमध्ये करारांवर सह्या केल्या आणि ४ जुलैला शनिवार-रविवारची खास विमाने सुरू झाली. डिसेंबरमध्ये दररोजची थेट विमानसेवा, थेट जहाजे आणि थेट टपाल सुरू झाले. तोवर, सणासुदीची मोजकी विमाने सोडली तर, तैपेईहून शांघायला जाणाऱ्या माणसाला हाँगकाँगला किंवा मकाऊला उतरून विमान बदलावे लागे, आणि एवढ्या जवळच्या प्रवासात दिवस मोडत असे. चीनमध्ये कारखाना चालवणाऱ्या तैवानी व्यावसायिकाला त्या निकालाचा अर्थ आपल्या तिकिटावरच वाचता आला.

चीनने देऊ केलेली आणि चेन यांनी नाकारलेली पांडांची जोडीही त्याच डिसेंबरात तैपेईच्या प्राणिसंग्रहालयात पोचली. त्यांची नावे थुआन-थुआन आणि युआन-युआन. ही अक्षरे जोडून वाचली की चिनी भाषेत ‘ताटातूट झालेल्या कुटुंबाचे पुन्हा एकत्र येणे’ असा अर्थ निघतो. भेटवस्तूही राजकारणातून सुटत नाही ती अशी.

मा यांच्या आठ वर्षांत दोन्ही बाजूंत २३ करार झाले. त्यांपैकी २०१० चा आर्थिक सहकार्याचा चौकट-करार सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याने तैवानच्या शेकडो वस्तूंवरचे चिनी आयात शुल्क कमी केले. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी सिंगापूरमध्ये मा आणि शी जिनपिंग यांची भेट झाली. त्यांनी एकमेकांना ‘अध्यक्ष’ न म्हणता नुसते ‘श्रीयुत’ म्हटले, एक मिनिटाहून जास्त वेळ हात हातात धरून ठेवला आणि जेवणाचे बिल दोन्ही बाजूंनी वाटून घेतले, जेणेकरून यजमान कोण आणि पाहुणा कोण हा प्रश्नच उद्भवू नये.

मग तैवानी मतदारांनी तेच धोरण पुढे का चालू ठेवले नाही?

कारण सुधारलेल्या संबंधांचीही घरात किंमत मोजावी लागते. १८ मार्च २०१४ रोजी विद्यार्थी तैपेईच्या संसदेत घुसले आणि १० एप्रिलपर्यंत त्यांनी सभागृह सोडले नाही. चीनबरोबरचा सेवा-व्यापार करार कलमवार चर्चा न करता पुढे रेटला जात आहे, हा त्यांचा आक्षेप होता. सूर्यफूल चळवळ या नावाने ओळखल्या गेलेल्या या आंदोलनानंतर तो करार आजतागायत संमत झालेला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्थानिक निवडणुकांत कुओमिंतांगचे पानिपत झाले.

या घटनेचा अर्थ ‘तैवानी तरुण चीनविरोधी झाले’ एवढाच काढणे पुरेसे नाही. घरांच्या किमती, न वाढणारे पगार आणि करारांचा फायदा मोठ्या उद्योगपतींनाच झाला ही भावना, हेही त्यात मिसळलेले होते. बीजिंगने मात्र तैपेईतल्या सरकारशी जे जमवले ते तिथल्या मतदारांशी जमले आहे असे गृहीत धरले होते.

२०१६ मध्ये काय घडले?

१६ जानेवारी २०१६ रोजी डीपीपीच्या त्साय इंग-वेन ५६ टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आल्या आणि त्यांच्या पक्षाला ११३ पैकी ६८ जागा मिळून संसदेत प्रथमच स्पष्ट बहुमत मिळाले. २० मेच्या भाषणात त्यांनी १९९२ च्या वाटाघाटी हे ‘ऐतिहासिक वास्तव’ असून त्यातून झालेल्या सामंजस्याचा आपण आदर करतो असे म्हटले, पण ‘सहमती’ हा शब्द टाळला. बीजिंगच्या तैवान व्यवहार कार्यालयाने त्याच दिवशी या भाषणाला अपुरी सोडवलेली उत्तरपत्रिका म्हटले. ही उपमा परीक्षकाच्या खुर्चीत बसूनच सुचू शकते.

नापासाचा निकाल २५ जूनला लागला : दोन्ही बाजूंची अधिकृत संपर्कयंत्रणा थांबवली असल्याचे चीनने जाहीर केले. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी दोन्हीकडच्या मंत्रिपातळीवरच्या अधिकाऱ्यांमध्ये हॉटलाइन बसवली होती. आता तैपेईहून फोन केला तर पलीकडून कोणी उचलेना. संघटित पर्यटकांचे गट आटू लागले आणि २०१९ च्या १ ऑगस्टपासून स्वतंत्रपणे येणाऱ्या चिनी पर्यटकांनाही परवाने मिळेनासे झाले. त्साय यांनी सूत्रे घेतली तेव्हा तैवानला अधिकृत मान्यता देणारे २२ देश होते आणि आठ वर्षांनी त्या पायउतार झाल्या तेव्हा १२ उरले होते.

तरीही आधी झालेले करार रद्द झाले नाहीत, विमाने उडत राहिली आणि तैवानची सर्वांत मोठी बाजारपेठ चीनच राहिली. बीजिंगने जे मोडले ते बहुतेक पुन्हा जोडता येईल असे ठेवूनच मोडले, आणि त्यात पुढच्या तैवानी सरकाराला देण्यासारखे काहीतरी शिल्लक ठेवण्याचा हिशेब होता.

मतदान आणि शपथविधी यांच्यामधल्या काळाला एवढे महत्त्व का दिले जाते?

तैवानमध्ये हल्ली मतदान जानेवारीत होते आणि नवा अध्यक्ष २० मे रोजी शपथ घेतो. मधल्या चार महिन्यांत जुने सरकार काळजीवाहू असते आणि नव्याच्या भाषणाचा मसुदा तयार होत असतो. बीजिंग या काळाचा वापर त्या भाषणावर दबाव आणण्यासाठी करते. २०१६ मध्ये चीनने १७ मार्चला गांबियाशी राजनैतिक संबंध पुन्हा जोडले. गांबियाने तैवानशी संबंध २०१३ मध्येच तोडले होते, पण मा यांच्या काळात एकमेकांचे मित्रदेश न पळवण्याचा अलिखित समझोता असल्यामुळे चीनने त्याला जवळपास अडीच वर्षे दारात उभे ठेवले होते. एप्रिलमध्ये केनियाने फसवणुकीच्या प्रकरणांतल्या तैवानी संशयितांना तैवानऐवजी चीनमध्ये पाठवले.

२०२४ मध्ये तर १३ जानेवारीला मतदान झाले आणि १५ तारखेला नाऊरू या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या देशाने तैवानची साथ सोडली. फेब्रुवारीत किनमेन बेटाजवळ तैवानी तटरक्षक दलाने पाठलाग केलेली चिनी होडी उलटून दोन जण मरण पावले, आणि त्यानंतर चिनी तटरक्षक दलाने त्या पाण्यात गस्त वाढवली. दोन सरकारांत बोलणे चालू असते तर असा अपघात कदाचित दोन-चार बैठकांत मिटला असता.

चीनच्या धमक्यांमुळे मतदार बिचकतात का?

अनुभव बहुतांशी उलट आहे. १९९६ मध्ये क्षेपणास्त्रे पडली, अमेरिकेने दोन विमानवाहू जहाजांचे ताफे पाठवले आणि चीनला नको असलेले ली तेंग-हुई ५४ टक्के मते घेऊन विजयी झाले. २००० मध्ये मतदानाच्या तीन दिवस आधी चीनचे पंतप्रधान चू रोंगजी यांनी दूरचित्रवाणीवरून तैवानी मतदारांना कडक शब्दांत बजावले, आणि निवडून आले ते चेन शुई-बियानच. इथे जरा जपून बोलावे लागते. चेन यांना ३९.३ टक्केच मते होती आणि कुओमिंतांगमध्ये फूट पडून जेम्स सूंग अपक्ष उभे राहिले नसते तर निकाल वेगळा लागण्याची दाट शक्यता होती. तेव्हा सगळे श्रेय चू यांच्या रागाला देणे बरोबर नाही.

२०२० चे उदाहरण मात्र स्वच्छ आहे. नोव्हेंबर २०१८ च्या स्थानिक निवडणुकांत डीपीपीचा दारुण पराभव झाल्यावर त्साय यांनी पक्षाध्यक्षपद सोडले होते आणि त्या पुन्हा निवडून येतील असे मानणारे फारसे कोणी नव्हते. २ जानेवारी २०१९ रोजी शी जिनपिंग यांनी तैवानसाठी ‘एक देश, दोन व्यवस्था’ या मार्गाचा, म्हणजे हाँगकाँगप्रमाणे चीनचा भाग होऊन वेगळी व्यवस्था ठेवण्याचा, जाहीर पुरस्कार केला. जूनपासून हाँगकाँगचे रस्ते आंदोलकांनी भरले, आणि ज्या व्यवस्थेचा नमुना दाखवला जात होता तिचे काय होते हे तैवानी मतदार रोज संध्याकाळी टीव्हीवर पाहू लागले. जानेवारी २०२० मध्ये त्साय यांना ८१ लाखांहून अधिक, म्हणजे ५७ टक्के मते पडली. थेट निवडणुका सुरू झाल्यापासून संख्येने एवढी मते कोणालाच पडली नव्हती.

आर्थिक दबावाचे एखादे ठोस उदाहरण सांगता येईल का?

अननसाचे सांगतो. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी चीनने तैवानी अननसाची आयात १ मार्चपासून बंद करत असल्याचे कळवले. फळांवर पिठ्या ढेकूण सापडतो, हे कारण दिले होते. द्राक्ष किंवा सीताफळ लावणाऱ्या आपल्याकडच्या बागायतदाराला ही कीड चांगली माहीत असते. ती सापडणे अशक्य नसते, पण तिच्यासाठी हंगाम तोंडावर असताना तीन दिवसांच्या सूचनेने सगळी आयात थांबवणे नेहमीचे नसते. आदल्या वर्षी तैवानने सुमारे ४५ हजार टन अननस परदेशी पाठवला होता आणि त्यातला ९० टक्क्यांहून अधिक एकट्या चीनमध्ये गेला होता. या बागा पिंगतुंग, काओश्युंग, ताइनान अशा दक्षिणेकडच्या भागांत, म्हणजे डीपीपीच्या बालेकिल्ल्यांत आहेत.

तैवानी बोलीत अननसाला ‘ओंग-लाय’ म्हणतात आणि तो उच्चार ‘भरभराट येवो’ अशा अर्थाच्या शब्दांसारखा ऐकू येतो. त्यामुळे दुकानाच्या उद्घाटनापासून प्रचार कार्यालयापर्यंत हे फळ शुभ म्हणून मांडले जाते. बंदी येताच सरकारने ‘स्वातंत्र्याचा अननस’ खा असे आवाहन केले, कंपन्यांनी आणि सामान्य लोकांनी पेट्याच्या पेट्या मागवल्या आणि जपान हा तैवानी अननसाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बनला. दबाव फसला असे त्या वेळी सर्वत्र लिहिले गेले. अर्धेच खरे आहे ते. जपानने घेतलेला माल चीनच्या पूर्वीच्या खरेदीच्या निम्म्याएवढाही नव्हता, आणि देशप्रेमाने घेतलेली पेटी दर हंगामात पुन्हा घेतली जातेच असे नाही.

स्थानिक निवडणुकांचाही परिणाम होतो का?

होतो. केंद्रातल्या सरकारशी बोलणे बंद ठेवून बीजिंग विरोधी पक्षाच्या ताब्यातल्या शहरांशी आणि जिल्ह्यांशी थेट व्यवहार करते. सप्टेंबर २०१६ मध्ये आठ जिल्हे आणि शहरांचे प्रतिनिधी बीजिंगला गेले आणि पर्यटक व शेतमाल खरेदीची आश्वासने घेऊन परतले. २०२१ मध्येच बंद केलेले तैवानी सीताफळ दोन वर्षांनी पुन्हा घ्यायला चीनने सुरुवात केली ती ताइतुंग जिल्ह्यापासून, आणि तिथे सत्ता कुओमिंतांगची होती.

किनमेनची गोष्ट यात सर्वांत बोलकी आहे. हे बेट तैवानपासून दूर, पण चीनच्या शियामेन शहरापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. १९५८ मध्ये चीनने त्याच्यावर इतके तोफगोळे टाकले, की तिथले लोहार आजही त्या गोळ्यांच्या पोलादापासून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बनवून पर्यटकांना विकतात. याच बेटावर ऑगस्ट २०१८ पासून समुद्राखालच्या नळाने चीनचे पाणी येते. संबंध बिघडलेले असल्यामुळे उद्घाटनाचा कार्यक्रम पुढे ढकला, अशी तैपेईची सूचना होती. किनमेनच्या प्रशासनाने तो ठरल्या दिवशीच केला. घरात तोफगोळ्याची सुरी आणि नळाला चीनचे पाणी असलेल्या माणसाला ‘चीनवादी की स्वातंत्र्यवादी’ हा प्रश्न विचारणे थोडे निरर्थकच ठरते.

चीनमध्ये राहणारे तैवानी नागरिक मतदान कसे करतात?

त्यांना घरी यावे लागते. तैवानमध्ये टपाली मतदान नाही आणि मत द्यायचे ते कुटुंब-नोंदणी असलेल्या पत्त्यावरच. त्यामुळे निवडणुकीच्या आठवड्यात चीनमधल्या तैवानी उद्योजकांसाठी सवलतीच्या दरातली विमान तिकिटे निघतात आणि हे मतदार कोणाच्या बाजूचे, याची चर्चा होते.

मतमोजणी पाहण्यासारखी असते. दुपारी चारला मतदान संपते आणि त्याच खोलीत, बहुधा एखाद्या शाळेच्या वर्गात, पेटी उघडली जाते. एक कर्मचारी प्रत्येक मतपत्रिका डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवतो आणि उमेदवाराचे नाव मोठ्याने पुकारतो, दुसरा भिंतीवरच्या कागदावर एकेक रेघ ओढतो. पाच रेघांचे एक चिनी अक्षर पुरे झाले की पाच मते झाली. कोणीही नागरिक उभा राहून हे बघू शकतो. संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास विजेता कोण ते देशाला कळलेले असते.

२०२४ च्या निवडणुकीनंतर स्थिती काय आहे?

गुंतागुंतीची आहे. डीपीपीचे लाई चिंग-ते ४० टक्के मतांवर निवडून आले, कारण उरलेली मते कुओमिंतांगचे हो यू-इह आणि तैवान पीपल्स पक्षाचे को वेन-जे यांच्यात विभागली गेली. संसदेत मात्र कुओमिंतांगला ५२, डीपीपीला ५१, को यांच्या पक्षाला ८ आणि अपक्षांना २ जागा मिळाल्या, म्हणजे अध्यक्ष एका पक्षाचा आणि संसदेचा लगाम विरोधकांच्या हाती. शपथविधीच्या भाषणात लाई यांनी दोन्ही सरकारे एकमेकांच्या अधीन नाहीत असे म्हटले आणि तिसऱ्याच दिवशी चीनने बेटाच्या चहूबाजूंनी दोन दिवसांचा लष्करी सराव केला. त्याच सुमारास चौकट-करारातल्या आणखी १३४ वस्तूंवरची शुल्कसवलत काढून घेण्यात आली.

अध्यक्षांशी बोलणे नाही, पण विरोधकांशी आहे. एप्रिल २०२४ मध्ये माजी अध्यक्ष मा बीजिंगला जाऊन शी यांना भेटले आणि महिनाअखेर कुओमिंतांगच्या खासदारांचे शिष्टमंडळही गेले. या विभागलेल्या सत्तेचा शेवट करण्यासाठी २०२५ मध्ये कुओमिंतांगच्या ३१ खासदारांना परत बोलावण्यासाठी दोन टप्प्यांत मतदान झाले. एकही खासदार घरी गेला नाही. त्या मोहिमेत चीनशी जवळीक हाच आरोप मध्यवर्ती होता. मतदारांनी तो पुरेसा मानला नाही. याचा अर्थ त्यांना बीजिंग आवडू लागले असा होत नाही, आणि बीजिंगने तसा तो घेतला तर २०१४ ची चूक पुन्हा होईल.

चीनमध्ये अशी निवडणूकच नसते. मग बदलाचा भार एकाच बाजूवर येत नाही का?

येतो. तैवानचे धोरण दर चार वर्षांनी मतदारांपुढे जाते, तर २०१२ पासून बीजिंगमध्ये एकच नेतृत्व आहे. त्यामुळे चीन वाट पाहू शकतो. पण वाट पाहणाऱ्याचीही अडचण असते : आपल्या धोरणाने काम होत नाही हे सांगणारा कोणताही निकाल त्याच्या घरी लागत नाही. न उचललेला फोन एका वर्षानंतर धोरण बनतो आणि आठ वर्षांनंतर तो उचलणे ही माघार वाटू लागते.

भारताचा, त्यातही महाराष्ट्राचा, याच्याशी काही संबंध आहे का?

भारताचे तैवानशी राजनैतिक संबंध नाहीत. १९९५ पासून दोन्हीकडे प्रतिनिधी कार्यालये आहेत. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या निकालानंतर लाई यांनी नरेंद्र मोदी यांचे समाजमाध्यमावर अभिनंदन केले, मोदींनी तिथेच आभार मानले आणि चीनने निषेध नोंदवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्ली आणि चेन्नईनंतर तैवानचे तिसरे कार्यालय मुंबईत उघडले, तेव्हाही बीजिंगने हरकत घेतली. ते ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’ या नावाने चालते. नावात ‘तैवान’ किंवा ‘दूतावास’ यांपैकी एकही शब्द नाही, आणि ही काटछाट मुंबईपुरती नाही. मान्यता न देणाऱ्या बहुतेक देशांत हेच नाव थोड्याफार फरकाने लावलेले दिसते.

पुढे कोणत्या मतदानाकडे लक्ष ठेवावे?

नोव्हेंबर २०२६ मध्ये तैवानच्या शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या निवडणुका आहेत आणि २०२८ च्या सुरुवातीला पुन्हा अध्यक्षपदाची. वर्तमानपत्रे विजेत्याच्या मतांची टक्केवारी छापतील. तिच्यापेक्षा त्या वर्षीच्या २० मेच्या भाषणात १९९२ बद्दल कोणता शब्द येतो आणि त्याच संध्याकाळी तैवान व्यवहार कार्यालय त्यावर काय शेरा मारते, हे शोधून वाचावे.